अंतःस्राव आणि उतारवय

१८८९ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पॅरिस येथील जीवशास्त्र मंडळाची सभा भरली होती. व्याख्याते होते शार्ल एदुआर ब्राउन-सेकार. वय बहात्तर. जन्म मॉरिशस बेटावरचा. क्लोद बेर्नारसारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या मागून कॉलेज द फ्रान्समधील त्याच्या अध्यासनावर यांचीच निवड झालेली. मज्जारज्जूच्या एका विकाराला आजही वैद्यकाच्या पुस्तकांत यांचे नाव आहे, आणि मूत्रपिंडावरील ग्रंथी काढून टाकल्या तर प्राणी जगत नाही, ही गोष्ट यांनीच १८५६ साली दाखवून दिली होती. थोडक्यात, हा माणूस जत्रेतला औषधविक्या नव्हता. अशा माणसाने त्या दिवशी सांगितले ते असे, की कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क पाण्यात काढून तो आपण स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला आणि गेली दहा वर्षे ओसरत चाललेली शक्ती काही दिवसांत परत आली. प्रयोगशाळेत तासन् तास उभे राहता येऊ लागले, जिने भरभर चढता येऊ लागले. हातातला जोर त्यांनी यंत्रावर मोजला होता. इतकेच काय, लघवीची धार किती लांब जाते तेही मोजले होते, आणि ती पूर्वीपेक्षा चतुर्थांशाने वाढली असल्याचे त्यांनी भर सभेत सांगितले. सभेतील बहुतेक मंडळी वयस्कर होती, हे लक्षात घेतले म्हणजे हे आकडे किती कान देऊन ऐकले गेले असतील याची कल्पना येईल.

आपल्याकडच्या माणसाला यात फारसे नवल वाटू नये. शापाने आलेले म्हातारपण मुलाच्या गळ्यात घालून त्याचे तारुण्य मागून घेणारा ययाती आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. खांडेकरांच्या १९५९ सालच्या कादंबरीने तर तो घरोघरी पोहोचविला. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केले, आणि त्यांच्या नावाचा अवलेह आपण दर थंडीत डबा भरून घरी आणतो. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन आणि वाजीकरण ही दोन स्वतंत्र अंगे मानलेली आहेत, आणि सुश्रुतसंहितेत वाजीकरणाच्या प्रकरणी बोकडाच्या वृषणांसह उकळलेल्या दुधाचा प्रयोगही दिलेला आहे. म्हणजे कल्पना जुनीच. तरीही फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पॅरिसच्या या म्हाताऱ्याने आपला प्रयोग तारीखवार लिहून ठेवला, मोजून ठेवला आणि इतरांनी तो करून पाहावा अशी विनंती केली. चुकीचे ठरविता येईल अशा रीतीने बोलणे, हे शास्त्राचे पहिले लक्षण होय.

आणि तो चुकीचा ठरला. वृषणातील स्राव पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिवाय वृषण तो साठवून ठेवीत नाही, तयार होईल तसा रक्तात सोडून देतो. २००२ साली ऑस्ट्रेलियातील काही संशोधकांनी ब्राउन-सेकारच्या कृतीने कुत्र्यांच्या वृषणांचा अर्क काढला आणि त्यातील स्राव मोजला. तो इतका अल्प निघाला की त्याने माणसाच्या शरीरात काही घडणे शक्यच नव्हते. जिना चढण्याची शक्ती आली ती श्रद्धेतून आली. श्रद्धेने यंत्रावरचा काटाही हलतो, ही गोष्ट मात्र आपण ध्यानात ठेवावी. पुढील सव्वाशे वर्षांत ती वारंवार आडवी येणार आहे.

परंतु प्रयोग फसला म्हणून कल्पना फसली असे होत नाही. शरीरातील ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात आणि त्याने दूरचे अवयव चालतात, हे १८४९ सालीच ग्योटिंगेन येथे बेर्टहोल्ट नावाच्या प्राध्यापकाने सहा कोंबड्यांवर दाखविले होते. नर पिलांचे वृषण काढले की तुरा वाढत नाही, आरवणे बंद होते, भांडणे बंद होते. तोच वृषण पोटात कुठेही परत बसवला, मज्जातंतूंची जोडणी केली नाही तरी, की सारे पूर्ववत. म्हणजे संदेश रक्तातून जातो. बेर्टहोल्टकडे त्या वेळी कोणी लक्ष दिले नाही. ब्राउन-सेकारच्या सभेचा गाजावाजा झाला, आणि त्या गाजावाज्याने का होईना, डॉक्टर ग्रंथींच्या मागे लागले.

त्यातले खरे फळ दोनच वर्षांनी हाती आले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याच्याकडे ४६ वर्षांची एक बाई आली. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, केस गळलेले, बोलणे जड, सारखी थंडी वाजणारी. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आटली होती. मरेने १८९१ साली मेंढीच्या त्याच ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला. काही आठवड्यांत बाई माणसांत आली. पुढे हा अर्क तोंडाने घेता येतो असे कळले आणि ती तो आयुष्यभर घेत राहिली. १९१९ साली, म्हणजे २८ वर्षांनी, ती वारली. तोवर तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या होत्या. श्रोतेहो, ही हकीकत मी मुद्दाम सविस्तर सांगितली. शरीरात अमुक एक द्रव्य असावयास हवे, ते आटले, त्यामुळे रोग झाला; तेच द्रव्य, तेवढेच, बाहेरून दिले, रोग गेला; देणे थांबविले तर परत येतो. भरपाई म्हणतात ती ही. आता प्रश्न असा, की म्हातारपण हा या बाईच्या रोगासारखा रोग आहे काय? उतारवयात स्त्रीचा आणि पुरुषाचा जो स्राव कमी होतो, तो भरून काढला म्हणजे भरपाई झाली, की नुसती हौस झाली? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दोन रस्ते एकाच ठिकाणाहून फुटले आणि पुढे ते एकमेकांत इतके मिसळले की जाणत्यांनाही ओळखू येईनात.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी जठरापलीकडच्या आतड्यातील एक स्राव शोधला, आणि १९०५ साली स्टार्लिंगने अशा सर्व द्रव्यांना ‘हार्मोन’ हे नाव दिले. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. नाव मिळाले, पण द्रव्य अजून कोणाच्या मुठीत आले नव्हते. आणि जे मुठीत नाही त्याचा व्यापार जोरात चालतो. व्हिएन्नाच्या श्टाइनाख याने १९१८ पासून पुरुषांची वीर्यवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. बाहेर जाणारा मार्ग बंद केला म्हणजे ग्रंथी आपली सारी शक्ती आत सोडील, असा त्याचा तर्क होता. म्हणजे आज कुटुंबनियोजनासाठी जी शस्त्रक्रिया होते तिचीच अर्धी आवृत्ती, तारुण्य परत आणण्यासाठी. खुद्द फ्रॉइडने १९२३ साली ती करून घेतली. जबड्याचा कर्करोग आटोक्यात येईल अशी त्याला आशा होती. वोरोनॉफ नावाच्या पॅरिसमधील सर्जनाने तर १९२० पासून माकडांच्या वृषणांच्या चकत्या श्रीमंत वृद्धांना बसविल्या, आणि माकडांचा पुरवठा कमी पडू नये म्हणून इटलीच्या किनाऱ्यावर त्यांची पैदास सुरू केली. त्याच्याविषयी याहून अधिक वेळ दवडण्याचे कारण नाही.

श्टाइनाखच्या एका रोग्याविषयी मात्र सांगितले पाहिजे, कारण तो धागा वऱ्हाडापर्यंत येतो. आयर्लंडचा कवी येट्स याने १९३४ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. डब्लिनच्या वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. येट्सला स्वतःला मात्र आपल्यात नवा जोम आल्याची खात्री होती, आणि १९३९ साली मृत्यू येईपर्यंतच्या पाच वर्षांत त्याने खरोखरीच झपाट्याने लिहिले. वीर्यवाहिनी बांधल्याने रक्तातील स्राव वाढत नाही, हे आज निश्चित आहे. म्हणजे पुन्हा ब्राउन-सेकारचीच गोष्ट. पण त्या जोमाच्या काळात येट्सने हाती घेतलेले एक काम असे: १९३५-३६ च्या हिवाळ्यात तो माजोर्का बेटावर जाऊन राहिला आणि तेथे त्याने दहा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. बरोबर होते श्री पुरोहित स्वामी, आपल्या अमरावतीजवळच्या बडनेऱ्याचे मराठी गृहस्थ. ग्रंथ १९३७ साली निघाला. आत्मा जरामरणरहित आहे असे सांगणारे शब्द एक मराठी संन्यासी उलगडून सांगतो आहे, आणि तारुण्यासाठी नुकताच सर्जनाकडे जाऊन आलेला कवी ते इंग्रजीत उतरवून घेतो आहे! यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही ओढी माणसाच्या पोटी एकत्रच नांदतात.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ मुकाट्याने काम करीत होते. १९२९ साली अमेरिकेत डॉइझीने आणि जर्मनीत बूटेनान्टने स्त्रीस्राव शुद्ध रूपात वेगळा केला. १९३१ साली बूटेनान्टने पोलिसांच्या बराकीतून सुमारे १५ हजार लिटर लघवी जमवून तिच्यातून पुरुषी गुणाचे एक द्रव्य काढले. मिळाले किती? १५ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठदेखील त्याहून कितीतरी जड भरेल. १९३५ साली ॲम्स्टरडॅमच्या लाकरने बैलाच्या १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन काढले, आणि त्याच वर्षी बूटेनान्ट व रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखविले. १९३९ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. हिटलरच्या राजवटीने बूटेनान्टला ते स्वीकारू दिले नाही.

स्त्रीस्रावाचा स्वस्त झरा निघाला तो घोड्यांच्या तबेल्यात. गाभण घोडीच्या लघवीत हा स्राव विपुल असतो. कॅनडातील एका कंपनीने तिच्यापासून गोळी बनविली, आणि गाभण, घोडी व लघवी या तिन्ही इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून तिला ‘प्रेमारिन’ असे गोंडस नाव दिले. १९४१ साली ती कॅनडात आणि १९४२ साली अमेरिकेत बाजारात आली. घेणाऱ्या किती बायकांना त्या नावाची फोड ठाऊक होती, कोण जाणे. त्याआधी १९३८ साली लंडनच्या डॉड्सने स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम द्रव्य बनविले होते. त्याने त्याचे पेटंट घेतले नाही. उद्देश उदार, पण परिणाम असा की कोणीही उठावे आणि ते बनवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रजोनिवृत्तीचा त्रास हे काही कंपन्यांनी रचलेले थोतांड नव्हे. पाळी जाते तेव्हा अंडाशयाचा स्राव एकाएकी घटतो. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप उडते, योनिमार्ग कोरडा पडतो, पुढे हाडे ठिसूळ होतात. आपल्या घरांतील बायकांनी हे सारे निमूटपणे सोसले. वय झाले, चालायचेच, एवढेच त्यांना ऐकावे लागले. वाफांवर स्त्रीस्रावाच्या गोळीइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. बिघडले ते पुढे. १९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘फेमिनाइन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहिले. त्यात त्याने रजोनिवृत्तीला मधुमेहाच्या पंक्तीला बसविले: हा अभावाचा रोग आहे, आणि जी बाई गोळी घेणार नाही ती नवऱ्याला आणि जगाला नकोशी होईल. पुस्तकाच्या पहिल्या सात महिन्यांत एक लाख प्रती खपल्या. विल्सनच्या संस्थेला औषध कंपन्यांचे पैसे मिळत होते, ही गोष्ट वाचकांना सांगितलेली नव्हती. मरेच्या रोगिणीचा दाखला अशा रीतीने साऱ्या स्त्रीजातीला लावला गेला. त्या बाईची ग्रंथी आजाराने आटली होती. अंडाशय मात्र प्रत्येकीचा ठरल्या वयात आटतो. प्रत्येकीला होणारी गोष्ट रोग ठरली म्हणजे गिऱ्हाईक कधी संपत नाही.

ठेच लागावयास वेळ लागला नाही. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखविले, की गरोदरपणी स्टिलबेस्ट्रॉल घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींना तरुण वयात योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. १९७५ च्या डिसेंबरात दोन निबंध एकदम प्रसिद्ध झाले: नुसता स्त्रीस्राव घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी अधिक. त्यावर तोड निघाली. निसर्गात अंडाशयाचे दोन स्राव असतात, तेव्हा दुसराही गोळीत घालावा, म्हणजे अस्तर वाढत नाही. तोड खरी होती, आणि गाडी पुन्हा रुळावर आली. आता तर नवी आशा उभी राहिली. अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत असे दिसले, की गोळी घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो. मग गोळी वाफांसाठी न राहता हृदयाचे कवच झाली. काहीही त्रास नसलेल्या साठीच्या बायकांनाही ती दिली जाऊ लागली.

यातील तर्काची चूक बारकाईने पाहण्याजोगी आहे. गोळी कोण घेत होते? ज्यांना डॉक्टरकडे जाणे परवडते, ज्या शिकलेल्या आहेत, ज्या फिरायला जातात, धूम्रपान करीत नाहीत. त्यांची हृदये मुळातच बरी होती. गोळी घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची नुसती तुलना केली, तर गोळीचे श्रेय आणि सुस्थितीचे श्रेय वेगळे निघत नाही. ते वेगळे काढण्याचा एकच मार्ग: चिठ्ठ्या टाकाव्यात. अर्ध्या बायकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला कोणती, हे घेणारीलाही ठाऊक नसावे आणि देणाऱ्यालाही. ब्राउन-सेकारने स्वतःला पाणीच टोचून पाहिले असते तर बराच इतिहास वाचला असता. असा प्रयोग अमेरिकन सरकारच्या पैशाने १९९० नंतर सुरू झाला. ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया दोन्ही स्राव असलेल्या गोळीच्या या प्रयोगात होत्या. साडेआठ वर्षे चालावयाचा प्रयोग सरासरी ५.२ वर्षांनीच, जुलै २००२ मध्ये, थांबवावा लागला. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग ३० ऐवजी ३८ जणींना, हृदयविकार ३० ऐवजी ३७ जणींना, पक्षाघात २१ ऐवजी २९ जणींना. फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणे दुप्पट, ८ ऐवजी १६. जमेच्या बाजूला खुब्याचे हाड मोडणे ५ ने कमी, आतड्याचा कर्करोग ६ ने कमी.

वृत्तपत्रांनी छापले: कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला. तेही खोटे नव्हे; ३० चे ३८ म्हणजे जवळपास तेवढेच. पण दहा हजारांत आठ म्हटले तर बाई विचार करते, आणि २६ टक्के म्हटले तर गोळ्या केरात टाकते. लाखो बायकांनी त्या टाकल्या. त्यांत हृदयासाठी उगाच घेणाऱ्या होत्या, तशाच रात्रभर घामाने भिजणाऱ्या पन्नाशीच्या बायकाही होत्या, आणि या दुसऱ्या वर्गावर माझ्या मते अन्याय झाला. कारण प्रयोगातील बायकांचे सरासरी वय ६३ होते. वाफांचा काळ बहुतेकींचा केव्हाच मागे पडला होता. पुढे वयाप्रमाणे आकडे मांडले तेव्हा साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रियांचे चित्र पुष्कळ सौम्य निघाले. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना नुसता स्त्रीस्राव देण्याचा जोडप्रयोग २००४ साली पक्षाघातामुळे थांबला, पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला नव्हता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ नंतर या गोळ्यांवर चौकटीत छापावयास लावलेले हृदयविकार, स्तनकर्करोग व बुद्धिभ्रंशाचे इशारे काढण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो आहे. तो मध्ये थांबेल याची मला फारशी खात्री नाही.

पुरुषांचे काय? पुरुषाला रजोनिवृत्तीसारखा काठ नाही. त्याचा स्राव तिशी-चाळिशीनंतर वर्षाला सुमारे एक टक्क्याने घटतो, आणि लठ्ठपणा, मधुमेह, अपुरी झोप यांनी अधिक घटतो. १९४५ साली पॉल द क्रुइफ या लोकप्रिय लेखकाने पुरुषस्रावावर पुस्तक लिहून विल्सनचीच भूमिका वीस वर्षे आधी वठविली होती. तरी तो धंदा तेव्हा बेताचाच चालला. चोळावयाचे मलम निघाले आणि २००० नंतर अमेरिकेतील जाहिरातींनी प्रत्येक थकलेल्या पुरुषाला आपला स्राव मोजून घ्यावयास सांगितले, तेव्हा तो फोफावला. चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग येथेही उशिराच आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्राव कमी असलेल्या, ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांना वर्षभर मलम दिले. कामेच्छा थोडी वाढली; ज्या उत्साहासाठी हा सारा खटाटोप, तो वाढला नाही. २०२३ सालच्या पाच हजारांवर पुरुषांच्या प्रयोगात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हे बरे झाले. पण हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसात गुठळी जाणे वाढले. हाडे बळकट होतील असे वाटत होते, तर मलम घेणाऱ्यांचीच हाडे अधिक मोडली. बाहेरून स्राव मिळू लागला की शरीर स्वतःचा स्राव आणि वीर्याची उत्पत्ती आवरते घेते, हे तर व्यायामशाळांतून सुया टोचून घेणाऱ्या आपल्या तरुणांना कोणी तरी सांगावयास हवे. मस्तिष्कातील ग्रंथी किंवा वृषण खरोखरीच बिघडलेला माणूस वेगळा. तो मरेच्या रोगिणीचा भाऊ आहे, आणि त्याला हे औषध मिळालेच पाहिजे.

तशा तिच्या बहिणीही आहेत, आणि त्या आपल्याच राज्यात आहेत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांतील बायकांची शासनाच्या समितीने २०१९ साली पाहणी करविली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मुकादमाची उचल अंगावर, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, आणि वर डॉक्टरने घातलेली कर्करोगाची भीती. त्यांत तिशी-चाळिशीतल्या बायका पुष्कळ. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली गेली असतील, तर ती बाई एका दिवसात म्हातारी होते. पन्नाशीला यावयाच्या वाफा आणि हाडांची झीज पस्तिशीत येते, आणि त्या हाडांवर उसाची मोळी चढते. अशा स्त्रीला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत स्त्रीस्राव द्यावा, याविषयी वैद्यकात मतभेद जवळजवळ नाही. गर्भाशयच नसल्यामुळे तिला दुसऱ्या स्रावाची गरज नसते. नुसत्या स्त्रीस्रावाची साधी गोळी पुरते, जिने अमेरिकेतील प्रयोगात स्तनाचा कर्करोग वाढविला नव्हता. या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळात झाली, वृत्तपत्रांत झाली. त्या तेरा हजार बायकांपैकी किती जणींची अंडाशये जागेवर आहेत, हा प्रश्न त्या चर्चेत माझ्या कानावर क्वचितच आला. शस्त्रक्रियेच्या कागदावर ते लिहिलेले असते. तो कागद त्या बाईजवळ असला, तर गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरालाही पाच मिनिटांत वाचता येईल.